एमसीयू तपासणी: गुंगीचं औषध वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं

लहान मुलाला लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की डॉक्टर बऱ्याचदा एमसीयू करायला सांगतात. लघवीच्या वाटेतून मूत्राशयात बारीक नळी घालतात, तिच्यातून एक्स-रेमध्ये दिसणारं औषध सोडतात आणि मूल लघवी करत असताना ते उलटं मूत्रपिंडाकडे चढतं का, ते पाहतात. नळीचं ऐकल्यावर आईवडील विचारतात, "गुंगीचं काही देता येईल का?" देता येतं. पण गुंगीच्या औषधाने दुखणं थांबत नाही, आणि ही गल्लत मुलाला महागात पडते.

अशा वेळी सहसा मिडॅझोलॅम देतात. तोंडावाटे किलोमागे साधारण ०.५ मिलिग्रॅम, तपासणीच्या २० ते ३० मिनिटं आधी. त्याने भीती ओसरते, मूल सैल पडतं आणि नंतर बरंचसं आठवतही नाही. वेदना मात्र कमी होत नाही. नळी जाताना दुखायचं तेवढं दुखतंच. म्हणून 'रडला नाही, म्हणजे दुखलं नाही' असं धरून चालू नये. ट्रायक्लोफॉसचं सिरपही असंच: एमआरआयसाठी स्थिर झोपवायला ठीक, वेदनेवर त्याचा उपयोग नाही.

एमसीयूत आणखी एक अडचण आहे. काही मुलांमध्ये औषध उलटं चढताना फक्त लघवी करतानाच दिसतं. मूल गाढ झोपलं तर लघवी होत नाही आणि नेमका तोच फोटो हुकतो. त्यामुळे गुंगी हलकीच हवी. ती द्यायची तर पोट रिकामं लागतं: पाणी २ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, वरचं दूध ६ तास. बोटाला ऑक्सिमीटर हवा, श्वासाकडे लक्ष ठेवणारा माणूस हवा. काही मुलं मिडॅझोलॅमने उलट जास्तच चिडतात. घरून डोस पाजून नेणं तर अजिबात नको.

दुखणं थांबवायचं काम २ टक्के लिग्नोकेन जेलीचं. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो. मुलगा असेल तर जेली मूत्रमार्गात अगदी हळू सोडून साधारण ५ मिनिटं थांबायचं; जोरात ढकलली तर ती स्वतःच दुखवते. मुलीला आधी जेलीत भिजवलेला कापूस लघवीच्या वाटेच्या तोंडाशी काही मिनिटं ठेवायचा, मग थोडी आत. प्रमाणाला मर्यादा आहे: एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं आणि किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. म्हणजे १० किलोच्या बाळाला सगळी मिळून जेमतेम २ मिलिलिटर.

चुकतं ते इथेच. घाईत नळीच्या टोकाला जेली फासतात आणि लगेच नळी आत सरकवतात. त्याने नळी बुळबुळीत होते, आतली त्वचा बधिर होत नाही. कधी ट्यूबमध्ये नुसती वंगणाची जेलीच असते. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे ट्यूबवरचं 'लिग्नोकेन' वाचून घ्या. सलाईनची सुई टोचण्याआधी हातावर लावायचं क्रीम आणखी वेगळं. ते त्वचेवर पट्टीखाली तासभर ठेवावं लागतं आणि एमसीयूला सहसा सुई लागतच नाही.

जेलीने भीती जात नाही, मूत्राशय भरल्याचा ताणही जात नाही. ताण कमी व्हावा म्हणून नळीतून सोडायचं एक्स-रेचं औषध कोमट हवं आणि सावकाश सोडायला हवं. नळी जाताना मुलाला साबणाचे फुगे उडवायला द्या: फुंकर लांबवली की खालचे स्नायू सैल पडतात. हातपाय दाबून धरण्यापेक्षा आईने डोक्याशी राहून हात धरणं कितीतरी बरं. दोन वर्षांखालच्या बाळांत जेलीचा भरवसा कमी. तान्ह्या बाळाला २ मिनिटं आधी जिभेवर साखरेचं २४ टक्के द्रावण थेंबथेंब देतात. खूप घाबरलेल्या, आधी एकदा त्रास झालेल्या मुलाला मात्र जेली आणि हलकं मिडॅझोलॅम दोन्ही द्यावं, असं आमचं मत आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

घरी आल्यावर पहिल्या एकदोन लघव्यांना जळजळ होते. कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच लघवी करू द्या, पाणी भरपूर पाजा. लागलंच तर किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ताप आला किंवा मूल लघवी अडवून धरू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.