अंकांमधलं गाणं आणि गाण्यातलं नाटक

ऑपेऱ्याचा, म्हणजे संवादही गाऊन करायच्या नाटकाचा, जन्म कुठे झाला असं विचारलं, की बरेच जण इटलीतल्या फ्लॉरेन्समधल्या १५८९ च्या एका लग्नाकडे बोट दाखवतात. वर होता ग्रँड ड्यूक फर्दिनांदो दे मेदिची, वधू लॉरेनची क्रिस्तीन. त्या सोहळ्यात देव ढगांवर बसून खाली आले, रंगमंचावर समुद्र उसळला, आणि शेवटच्या भागात तीस वेगवेगळ्या स्वरपंक्तींचं समूहगान झालं. नुसतं वर्णन वाचलं तर ऑपेराच वाटावा. त्या काळचे लोक मात्र त्याला इंटरमेदियो म्हणत. शब्दाचा अर्थ साधा आहे: मधे येणारं.

कशाच्या मधे? तर नाटकाच्या अंकांच्या. त्या रात्रीचा खेळ होता ‘ला पेल्लेग्रीना’, एक विनोदी नाटक. सिएनाच्या इन्त्रोनाती अकादमीच्या मंडळींनी ते केलं. पाच अंक, आणि संवाद सगळे बोलायचे. नाटकाआधी एक, चार मध्यंतरांत चार आणि शेवटी एक, असे सहा इंटरमेदियो त्याला जोडले होते.

मुळात ही सोय होती. तेव्हाच्या विनोदी नाटकाची गोष्ट सहसा एकाच रस्त्यावर, एकाच दिवसात घडायची. अंक संपला म्हणून पडदा पडायचा नाही. मग मधे काही तास गेले हे प्रेक्षकांना कळावं कसं? त्यासाठी थोडं संगीत वाजायचं, कधीकधी तर वादक दिसायचेही नाहीत. राजदरबारी लग्नांत मात्र या सोयीचा डामडौल झाला. फ्लॉरेन्सचाच नाटककार ग्रात्सिनी वैतागून म्हणून गेला, की पूर्वी नाटकासाठी इंटरमेदियो असायचे, आता इंटरमेदियोंसाठी नाटकं होतात. त्याची तक्रार रास्तच होती. १५८९ चे ते सहा इंटरमेदियो आज अभ्यासले जातात, गायले जातात, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघतात. ‘ला पेल्लेग्रीना’ कोण वाचतं?

नाटकात पिसा शहरातल्या प्रेमिकांच्या भानगडी. इंटरमेदियोंत ग्रहगोलांचं संगीत, अपोलोनं मारलेला महाकाय सर्प, नरकातले राक्षस, आणि शेवटी माणसांना लय आणि सुसंवाद यांची देणगी देणारे देव. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. इतका नाही, की त्याच मे महिन्यात जेलोसी या व्यावसायिक नटमंडळीनं अगदी वेगळी दोन नाटकं केली, तेव्हाही अंकांमधे हेच सहा इंटरमेदियो होते. नाटक बदललं, गाणी तीच. ऑपेऱ्याशी गल्लत होत असेल तर मी हीच कसोटी लावतो: गाणं उचलून दुसऱ्या नाटकाच्या मधे ठेवता येतं का? येत असेल तर तो इंटरमेदियो. ऑपेऱ्यातलं गाणं काढलं तर खाली नाटक उरतच नाही, कारण तिथे पात्रं बोलतात तेच गाण्यात.

आपल्याकडे ऑपेऱ्याला सर्रास ‘संगीत नाटक’ म्हणतात, त्यानं गुंता आणखी वाढतो. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’मधली पदं शकुंतलेच्या आणि दुष्यंताच्याच तोंडी आहेत, म्हणजे गाणं कथेच्या आत आहे. तरी पद संपलं की पात्रं पुन्हा गद्यात बोलतात. तेव्हा आपलं संगीत नाटक या दोन्हींपैकी एकही नाही.

इंटरमेदियो आणि ऑपेरा यांच्या गोंधळाचं खरं कारण असं, की दोन्ही करणारी माणसं तीच होती. सर्पवधाच्या इंटरमेदियोचे शब्द लिहिले ओत्ताव्हिओ रिनुच्चीनी यानं. पुढे १५९८ च्या सुमारास त्यानं गायक-संगीतकार पेरीसाठी ‘दाफ्ने’ लिहिलं. तो पहिला ऑपेरा मानतात, आणि त्याची सुरुवातही त्याच सर्पवधानं होते.

याकोपो पेरीचं उदाहरण तर फारच बोलकं. १५८९ मधे पाचव्या इंटरमेदियोत तो आरिऑन झाला होता. हा पुराणातला गायक: खलाशी जिवावर उठतात, तो शेवटचं गाणं गाऊन समुद्रात उडी घेतो आणि डॉल्फिन त्याला वाचवतो. ते गाणं पेरीनं स्वतःच रचलं होतं. त्यात लांबलचक ताना आहेत आणि प्रत्येक तानेला प्रतिध्वनी उत्तर देतो. गोष्ट थांबवून गळ्याची करामत ऐकायची, असा सगळा मामला. ऑक्टोबर १६०० मधे मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नात तोच पेरी ‘एउरिदिचे’मधे ऑर्फिओ झाला. हाही गायकच, पण गाणं पार वेगळं. साप चावून एउरिदिचे मेली ही बातमी घेऊन सखी येते, तेव्हा खाली वाद्यांचा एक स्वर बराच वेळ धरलेला असतो आणि वर तिचा आवाज बोलल्यासारखा, अडखळत सरकतो. प्राचीन ग्रीक लोक शोकांतिका गाऊन करत अशी पेरीची समजूत होती, म्हणून त्याला साधं बोलणं आणि पूर्ण गाणं यांच्यामधलं काहीतरी हवं होतं. (त्यातही काच्चिनी या दुसऱ्या संगीतकारानं हट्ट धरला, की आपल्या हाताखालच्या गायकांनी आपल्याच चाली गायच्या. म्हणजे त्या प्रयोगात दोघांचं संगीत मिसळलं.) मूळ पुराणकथेत ऑर्फिओ मेलेल्या बायकोला पाताळातून आणायला जातो, पण अट मोडून वाटेत मागे वळून पाहतो आणि तिला कायमचं गमावतो. लग्नघरी असा शोकान्त कसा चालेल? म्हणून रिनुच्चीनीच्या ऑर्फिओला मागे वळून न पाहण्याची अटच नाही. बायको सुखरूप परत मिळते.

‘एउरिदिचे’ पित्ती राजवाड्यातल्या एका दालनात दोनेकशे पाहुण्यांपुढे झालं. त्या लग्नाचा मुख्य खेळ तीन दिवसांनी होता, ‘सेफालोचं अपहरण’. संगीत बव्हंशी काच्चिनीचं, ढगांची यंत्रं १५८९ चीही यंत्रं करणाऱ्या बुओन्तालेन्तीची, प्रेक्षक तीन हजारांवर. तो गायलेला होता म्हणून ऑपेरा म्हणावा, तर थाट सगळा इंटरमेदियोचा. माझी कसोटी तिथे थोडी लटपटते. त्या भव्य खेळाचं संगीत बहुतेक हरवलं, काच्चिनीनं १६०२ मधे आपल्या पुस्तकात छापलेला शेवटाकडचा तुकडा तेवढा वाचला. ‘एउरिदिचे’ पेरीनं लगेच छापून घेतलं होतं.