स्वतंत्र इंजिन नियंत्रकाची जोडणी

इंजिनाला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणारा निर्मात्याचा मूळ संगणक, किंवा जुन्या गाडीतील कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्युटर, काढून त्या जागी हवे ते आकडे भरता येणारा वेगळा नियंत्रक बसवण्याचे हे काम आहे. मुंबईच्या गॅरेजांत अशा पेटीला ‘ईसीएम’ किंवा नुसता ‘कंप्युटर’ म्हणतात. मूळ संगणकातील आकडे बदलणे म्हणजे रिमॅप, तर सेन्सर व संगणक यांच्या मध्ये बसून संकेतांत फेरफार करणारी पेटी म्हणजे पिगीबॅक. स्वतंत्र नियंत्रक या दोहोंहून वेगळा आहे, कारण तो बसवला की मूळ संगणकाचा आधार उरत नाही आणि पेटीत आधीपासून असलेला एकही आकडा त्या इंजिनाला लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी १९६७ साली फोक्सवागनच्या गाडीत आली आणि १९७९ मध्ये बॉशच्याच ‘मोट्रॉनिक’ने इंधन व ठिणगी एकाच पेटीत आणली. पुढे १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील हॅलटेक व मोटेक यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियंत्रक विकायला काढले. घरी डाग देऊन जोडता येणारा ‘मेगास्क्वर्ट’ २००१ पासून मिळू लागल्यावर हा उद्योग सामान्य हौशी माणसाच्याही आवाक्यात आला.

सगळ्याच गाड्या या कामाला सारख्या सोयीच्या नाहीत. आजच्या गाडीत मीटर, एबीएस, स्टीअरिंग आणि चोरीविरोधी कुलूप हे सगळे मूळ संगणकाशी कॅन तारांवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांवरून, बोलत असतात. तो काढला की इंजिन चालेल, पण बाकीची गाडी मुकी होईल. शिवाय बी.एस.-६ गाडीची उत्सर्जन-मान्यता तिच्या मूळ नियंत्रकासह दिलेली असते, त्यामुळे पीयूसीच्या नळीत धूर कमी दिसला म्हणून प्रश्न मिटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणून हे काम मुख्यतः बंदिस्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांपुरते ठेवणेच शहाणपणाचे.

शिकण्यासाठी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन उत्तम. कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपासचा दाब पुरतो, तर फवारणीला साधारण ३ बार लागतो. त्यामुळे यांत्रिक पंपाच्या जागी विजेचा पंप, टाकीपर्यंत परतीची नळी आणि त्या दाबाला टिकणारे पाइप व क्लिपा घालाव्या लागतात. जुना रबरी पाइप तसाच ठेवणे हा या कामातला सर्वांत घातक आळस आहे, कारण गळती थेट तापलेल्या एक्झॉस्टवर होऊ शकते.

खरी कसोटी मात्र क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीपाशी असते. तिच्यावर ३६ दात्यांची चकती बसवतात आणि त्यातला एक दाता मुद्दाम काढलेला असतो. ती फट समोरून गेली की क्रँक कोणत्या अंशावर आहे हे नियंत्रकाला कळते. चकती आणि सेन्सर यांत सुमारे १ मिलिमीटर अंतर ठेवायचे. लेथवर करून आणलेला ब्रॅकेट पातळ पत्र्याचा असेल, तर चढ्या फेऱ्यांवर तो थरथरतो, संकेत तुटतो आणि गाडी मिसिंग मारू लागते. मग मेकॅनिक बिचारा प्लग बदलत बसतो. सेल मारण्यापूर्वी इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची वीज काढून ठेवावी, संगणकावर ठिणगी १० अंशांवर स्थिर करावी आणि टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची पांढरी खूण खरोखर १० वर दिसेपर्यंत ऑफसेट, म्हणजे चकतीवरची फट आणि क्रँकची खरी जागा यांतला भरलेला फरक, बदलत राहावा. ही पायरी गाळली, तर पडद्यावरचा आकडा एक आणि सिलिंडरमधली ठिणगी दुसरीकडेच, असा प्रकार होतो आणि पिस्टन जातात.

क्रँकचा सेन्सर एकटाच असेल, तर १-४ आणि २-३ अशा जोड्यांत ठिणगी पाडता येते. प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीप्रमाणे इंधन द्यायचे तर कॅमचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचाही, संकेत लागतो. सेन्सरांचे अर्थिंग बॉडीला न देता नियंत्रकाकडे परत न्यावे आणि क्रँक सेन्सरची तार जाळीच्या आवरणातली घेऊन कॉइलच्या तारांपासून दूर ठेवावी. लॅमिंग्टन रोडवर रिले व तारा सहज मिळतात, पण कनेक्टर मात्र रबरी सीलचेच हवेत. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या पिना हिरव्या करून टाकतो. पेटी पायांपाशी ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि एरवीही पाणी आधी गाडीच्या तळातच शिरते.

शेवटी नकाशा भरण्याचे काम येते: आडव्या ओळीत इंजिनाच्या फेऱ्या, उभ्या ओळीत सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब, आणि प्रत्येक चौकटीत सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे प्रमाण. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट, त्यामुळे मिश्रण या आकड्यांत न मोजता लॅम्ब्डात, म्हणजे त्या इंधनाला नेमक्या लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे या मापात, मोजावे. मुंबईत गारठ्यातल्या स्टार्टिंगची फारशी चिंता नसते, त्रास होतो तो गरम गाडी पुन्हा सुरू करताना. भर दुपारी वाहतुकीत अडकलेली गाडी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवली, की बॉनेटखालचा हवेचा सेन्सर भाजून निघतो, नियंत्रक हवा विरळ समजून इंधन कमी करतो आणि गाडी लीन होऊन आचके देते. सेन्सर मॅनिफोल्डवरून काढून थंड हवेच्या वाटेत बसवला आणि तापमानाची दुरुस्ती सौम्य केली, की हा त्रास बराच कमी होतो. केवळ थ्रॉटल पाहून इंधन देणारा नकाशा मुंबईत जुळवला असेल, तर बोरघाट चढताना गाडी रिच होत जाते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडते. सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात हवेचा दाब १०१ वरून ९४ किलोपास्कलच्या आसपास उतरतो, आणि त्यासाठी वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर जोडावा लागतो.