जाड टायरमागचा बर्फ: अलास्कातल्या हिवाळी सायकल रेसची मागची गोष्ट

आजकाल सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या तरी पोराकडे ती जाड टायरवाली सायकल असतेच, मोटारसायकलसारखं चाक, दिसायला एकदम भारी, आणि चालवायला घेतली की कळतं की डांबरी रस्त्यावर ही चांगलीच जड जाते. मग हे चाक एवढं जाड कोणी केलं आणि कशासाठी, हे शोधायला गेलं की आपण थेट अलास्कात पोचतो, जिथे फेब्रुवारीच्या शेवटी काही माणसं कनिक नावाच्या एका गोठलेल्या तळ्यावरून सायकलवर निघतात आणि ३५० मैल म्हणजे जवळपास ५६० किलोमीटर लांब मॅकग्राथ गावात पोचतात, तर त्यातली थोडी तिथेही न थांबता पुढे, सुरुवातीपासून १००० मैलांवर, बेरिंग समुद्राच्या काठी असलेल्या नोमपर्यंत जातात. आयडिटरॉड ट्रेल इन्व्हिटेशनल असं ह्या रेसचं नाव. सायकल, पायी किंवा स्की, जे जमेल ते घ्या. मधे रस्ता म्हणून काही नाही, गोठलेल्या नद्या, दलदली, एक डोंगररांग आणि बर्फातून गेलेली एक पट्टी, बस.

लोक ही रेस बघून आधी थंडीबद्दल बोलतात. थंडी आहेच, उणे ४० पण होते. पण मला विचाराल तर ह्या रेसचा सगळा इतिहास एकाच गोष्टीभोवती फिरतो, मऊ बर्फात चाक रुततं. ते रुतू नये म्हणून माणसं शंभराहून जास्त वर्षं डोकं लढवतायत, आणि एवढं करूनही दरवर्षी कोणी ना कोणी कित्येक तास, कधी कधी दिवसच्या दिवस सायकल ढकलत चालत असतंच.

सुरुवात १९०० सालापासून करायला हवी. कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोन्याच्या चांगल्या जागा आधीच लोकांनी बळकावल्या होत्या आणि नोमच्या किनाऱ्यावर वाळूतच सोनं सापडतंय अशी बातमी डॉसन शहरात पोचली. हिवाळ्यात डॉसनहून नोमला जायचं तर गोठलेली युकॉन नदी हाच हमरस्ता, आणि वाहन म्हणजे कुत्र्यांची स्लेज. पण कुत्र्यांचे भाव आभाळाला भिडलेले, शिवाय त्यांना रोज खायला घालायचं. तेव्हा एड जेसन नावाच्या माणसाने १५० डॉलर मोजून एक सायकल घेतली आणि फेब्रुवारीत निघाला. सायकलला खायला लागत नाही, हिशेब साधा होता. त्याने लिहून ठेवलंय की थंडीत टायरचं रबर लोखंडी नळीसारखं कडक झालं, बेअरिंगमधलं तेल गोठलं. बरोबर त्याने वर्तमानपत्रं घेतली होती, वाटेत महिनोन्महिने बाहेरची बातमी न कळलेली माणसं भेटायची, त्यांना त्या कागदांचं सोन्याइतकंच अप्रूप. महिन्याभराने तो नोमला पोचलासुद्धा.

त्याच वर्षी त्याच्या मागोमाग मॅक्स हिर्शबर्ग नावाचा जेमतेम विशीतला पोरगा निघाला, आणि ह्याची गोष्ट मला जास्त जवळची वाटते कारण ह्याला उशीर झाला होता आणि वाटेत बर्फ वितळायला लागलं होतं. शक्तूलिक नदीत तो पडला आणि त्याची सोन्याच्या भुकटीची पिशवी नदीत गेली, तब्बल १५०० डॉलरचं सोनं होतं त्यात. पुढे नोमच्या अलीकडे सायकलची साखळी तुटली. तर पठ्ठ्याने काय केलं, अंगातला कोट काढून त्याचं शीड बांधलं आणि पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर साखळीशिवायची सायकल बर्फावरून हाकली! पोचला तो मे महिन्यात.

ह्या दोघांची सायकल चालली कशावर, तर स्लेजने दाबलेल्या बर्फावर. स्लेज जाते तिथे दीड-दोन फुटांची एक पट्टी घट्ट होते, चाक त्या पट्टीवर ठेवायचं, जरा हललं की बाजूच्या भुसभुशीत बर्फात तोंडावर आपटायचं. आजच्या रेसमध्येही अगदी हेच चालतं, पट्टी करणारी यंत्रं तेवढी बदलली.

जेसन आणि हिर्शबर्ग गेले युकॉन नदीवरून. आयडिटरॉडची वाट त्यांच्यानंतरची. १९०८ च्या ख्रिसमसला आतल्या भागात आयडिटरॉड नदीजवळ सोनं लागलं, तिथे गाव उभं राहिलं, आणि दक्षिणेकडच्या सीवर्ड बंदरापासून नोमपर्यंत सरकारने वाट आखून मोकळी केली. ह्या वाटेने टपाल जायचं, सोनं यायचं, दर एक दिवसाच्या मजलेवर मुक्कामाची घरं होती. मग सोनं संपलं, विमानं आली आणि वाट झाडीत बुजायला लागली. १९२५ ला नोममध्ये घटसर्प पसरला तेव्हा औषध कुत्र्यांच्या स्लेजवरून नेलं, नेनाना ते नोम ६७४ मैल, वीस स्लेजवाल्यांनी हातोहात साडेपाच दिवसांत पोचवलं, ती गोष्ट जगभर गाजली. पण १९६० च्या दशकात गावोगाव स्नोमशीन, म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच म्हणा, आली आणि कुत्रे अंगणातून नाहीसे व्हायला लागले. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला हे बघवेना. त्याच्या आणि इतरांच्या खटपटीतून १९७३ ला नोमपर्यंतची कुत्र्यांची रेस सुरू झाली, पहिला विजेता २० दिवसांनी पोचला होता. १९७८ ला वाटेला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. आणि १९८४ पासून आयर्न डॉग ही स्नोमशीनची रेसही त्या बाजूने जायला लागली, जी सायकलवाल्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे कारण ती त्यांच्या थोडी आधी होते, आणि तिनेच दाबलेल्या बर्फावर पुढे सायकली जातात.

म्हणजे वाट परत जिवंत झाली ती कुत्र्यांसाठी, आणि सायकली तिच्यावर मागाहून चढल्या.

१९८७ ला आयडिटाबाइक नावाची पहिली रेस झाली, कनिकहून स्क्वेंटनापर्यंत जाऊन परत, सुमारे २०० मैल. माउंटन बाइक तेव्हा नुकत्या बाजारात आल्या होत्या, टायर दोन इंचांच्या आसपास. नदीवरचा बर्फ दाबलेला आणि रात्रीच्या थंडीने कडक झालेला असेल तर त्या पळायच्या, पण दुपारी जरा ऊन पडलं किंवा ताजा हिमवर्षाव झाला की उतरा आणि ढकला. म्हणून लोकांनी चाकाची रिम रुंद करायचा नाद घेतला. अँकरेजमधल्या स्टीव्ह बेकरने दोन-दोन, तीन-तीन रिम शेजारी शेजारी जोडून चाकं बनवली, १९८९ ला अशाच सायकली घेऊन काही जण अख्ख्या वाटेने नोमला गेले. फेअरबँक्सच्या सायमन रेकॉवरने आधी दोन रिम कापून वेल्डिंग केलं आणि मग सरळ ४४ मिलिमीटर रुंद रिमच तयार केली, स्नोकॅट तिचं नाव. तिकडे पार दुसऱ्या टोकाला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रे मोलिना वाळूच्या टेकड्यांवर फिरण्यासाठी ८० मिलिमीटरच्या रिम आणि साडेतीन इंची टायर बनवत होता. वाळू काय आणि बर्फ काय, चाकाच्या दृष्टीने दुखणं एकच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सायकल प्रदर्शनात अलास्कावाल्यांनी मोलिनाची चाकं पाहिली आणि दोन धागे जुळले. पामर गावातल्या मार्क ग्रोनवाल्डने त्यावर सायकली बांधल्या, फॅटबाइक हे नाव त्याच्याकडूनच रूढ झालं. २००५ मध्ये मिनेसोटातल्या सर्ली कंपनीने पग्झली ही सायकल ३.७ इंची टायरसकट बाजारात आणली, आणि तिथून पुढे हे चाक कोणालाही दुकानात मिळायला लागलं. पार्किंगमधली ती सायकल ह्याच घराण्यातली.

जाड टायरचं गुपित खरं म्हणजे कमी हवेत आहे. साध्या सायकलच्या टायरमध्ये ४०-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, बर्फातली मंडळी तीन-चार पीएसआयवर येतात. म्हणजे अंगठ्याने दाबलं तर टायर आत रिमपर्यंत जाईल इतकं मऊ. वजन मोठ्या भागावर पसरतं आणि चाक वरच्या पापुद्र्यावर तरंगतं. अनुभवी लोक मागच्या टायरची खूण बघतात, ठसा उथळ आणि स्वच्छ उमटला तर ठीक, खोल चर पडत असेल तर थांबून अजून थोडी हवा सोडायची, आणि पुढे घट्ट बर्फ लागला की परत पंप मारायचा. हे सगळं जाड हातमोजे घालून, कारण त्या थंडीत उघड्या बोटांकडे काही मिनिटंच असतात. हँडलवर पोगीज नावाची गोधडीसारखी जाड कव्हरं बसवलेली असतात, हात त्यात घालूनच ब्रेक आणि गिअर. पाण्याची पिशवी जॅकेटच्या आत, अंगाला लागून, नाहीतर नळी गोठते. मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, साधं ग्रीस घट्ट झालं की पॅडल नुसतं गरगर फिरतं आणि चाक जागचं हलत नाही, म्हणून निघायच्या आधी हब उघडून थंडीतलं पातळ ग्रीस भरतात. आणि सगळ्यात मोठा शत्रू घाम. ओले कपडे अंगावर गोठले की संपलं, म्हणून चढावर मुद्दाम हळू जातात, अंगात ताकद असूनही. ही गोष्ट माझ्या मनात फार रुतून बसलीय, रेस असून घाम येऊ द्यायचा नाही.

त्याहून वाईट म्हणजे ओव्हरफ्लो. नदीवरच्या बर्फाच्या थराखालून दाबाने पाणी वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली लपून बसतं, वरून काही दिसत नाही, पाय टाकला की घोटाभर किंवा गुडघाभर पाणी. उणे ३० मध्ये बूट भरला तर पुढची पंधरा मिनिटं काय करता त्यावर बोटं राहणार की जाणार हे ठरतं.

आता रेसकडे परत. १९९१ पासून सायकल, स्की आणि पायी हे सगळं एकत्र करून आयडिटास्पोर्ट म्हणून रेस व्हायला लागली, १९९७ ला मॅकग्राथपर्यंतचं ३५० मैलांचं अंतर आलं, आणि २००० साली नोमपर्यंतचं. माइक क्युरिअॅक त्यात १५ दिवसांच्या आसपास नोमला पोचला. हाच माणूस नंतर पुन्हा नोमला गेला तो वाटेत कोणाकडूनही काहीही न घेता, सगळं अन्न आणि इंधन निघतानाच सायकलवर लादून. पुढे जुनं आयोजन बंद पडलं आणि २००२ पासून बिल आणि कॅथी मर्चंट ह्या जोडप्याने आजच्या नावाने रेस चालवली. त्यांनी ती मुद्दाम साधी ठेवली. वाटेवर खुणा लावायच्या नाहीत, बक्षिसाची रक्कम नाही, मोजक्या ठिकाणी अन्न आणि निवारा, आणि नोमला जायचं असेल तर आधी मॅकग्राथ करून दाखवा. मॅकग्राथची फिनिश लाइन म्हणजे कित्येक वर्षं गावातल्या एका कुटुंबाचं घर होतं, दार ढकलून आत आलात की पोचलात, समोर गरम खाणं. रेनी पास ही खिंड ओलांडून, रोन इथल्या मुक्कामाच्या तंबूत दोन तास पाठ टेकून, फेअरवेलचा जळका ओसाड पट्टा पार करून आलेल्या माणसाला ह्याहून मोठं बक्षीस काय द्यायचं, मला तरी सुचत नाही.

नोमचा मार्ग सम वर्षी उत्तरेकडून, विषम वर्षी दक्षिणेकडून, आयडिटरॉडच्या ओसाड गावावरून. उत्तरेकडून गेलं की रूबी गावापासून युकॉन नदी लागते, म्हणजे तेवढा भाग थेट जेसन आणि हिर्शबर्गच्या वाटेवरून. हिर्शबर्गचं सोनं बुडालं ते शक्तूलिक तर दोन्हीकडून येतंच.

२०१४ ला जेफ ओटली नोमला १० दिवस २ तास ५३ मिनिटांत पोचला, आधीच्या वेळा बघता कोणाचा विश्वास बसू नये असा वेळ, १९७३ च्या पहिल्या कुत्रेवाल्याच्या निम्मा. ओटली जबरदस्त होताच, चाकंही आता चार-पाच इंचांची झाली होती, पण त्या वर्षी बर्फच कमी होतं. वाट टणक, काही ठिकाणी नुसती गोठलेली माती. डालझेल घळीत आणि फेअरवेलच्या पट्ट्यात कुत्र्यांच्या स्लेज दगडांवर आदळून मोडल्या, माणसं जखमी झाली. आणि पुढच्या वर्षी, २०१५ ला, बर्फाअभावी कुत्र्यांच्या रेसला ही वाट सोडून फेअरबँक्सहून निघावं लागलं. सायकलवाले मात्र कनिकहूनच निघाले, आणि जॉन लॅकीने मॅकग्राथ दोन दिवसांच्या आत गाठलं. मऊ बर्फात रुतू नये म्हणून बनवलेलं ते चाक त्या वर्षी कितीतरी मैल उघड्या, गोठलेल्या जमिनीवरून धावत होतं.