बक्षीसपत्र केलं म्हणजे हात कापून दिले का?

रावेर-यावलकडे पारावर हमखास ऐकू येतं, "शेत पोराच्या नावावर केलं ना? मग आता बोलायचं नाही." केळीची बाग पोराची, आणि म्हातारा ओट्यावर गोळ्यांचं रिकामं पाकीट चाचपत बसलेला.

हा समज चुकीचा आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मिळकतीचा दस्त, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारीच; अर्ज त्यांच्याकडे करायचा. खरी गोम अटीत आहे: 'सांभाळीन' हे दस्तातच लिहून घ्या, तोंडी शब्दावर वाद होतात. नावावर काहीच केलं नसलं तरी निर्वाहभत्ता मागता येतो. मुलीकडूनही. हे मात्र पारावर कुणी काढत नाही.