सोयीचा बेडूक : झेनोपस प्रयोगशाळेत आला, त्यामागची कथा

संशोधनपर लेखांत नुसतं 'झेनोपस' (आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांचा एक वंश) असं लिहिलेलं असतं, तेव्हा आधी विचारावं लागतं : कुठला? लेव्हिस की ट्रॉपिकॅलिस? लेव्हिस दक्षिण आफ्रिकेतला. त्याची मादी तळहात भरेल एवढी मोठी, आणि त्याला गार पाणी मानवतं. ट्रॉपिकॅलिस पश्चिम आफ्रिकेतला, आकाराने त्याच्या निम्मा, त्याला २५ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी लागतं. दोघांच्याही मागच्या पायांच्या तीन बोटांवर काळी नखं असतात, दोघेही जन्मभर पाण्यातच राहतात आणि दोघांनाही जीभ नसते. जीवशास्त्रातला खरा मॉडेल बेडूक, म्हणजे सजीवांचे सर्वसाधारण नियम शोधायला ज्याच्यावर प्रयोग करतात तो, यांपैकी कोणता, हा वाद गेल्या तीसेक वर्षांतला आहे. या टिपणात सगळ्यात जास्त जागा त्यालाच गेली आहे.

सुरुवात मात्र एकट्या लेव्हिसपासून झाली, आणि तीही गर्भधारणेच्या चाचणीतून. १९२०च्या दशकाच्या अखेरीस केपटाउनमध्ये एक ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ या बेडकाच्या कातडीचा रंग पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीमुळे कसा बदलतो याचा अभ्यास करत होता. जनावरांच्या ग्रंथीचा अर्क टोचला की मादी अंडी घालते, हे त्याने १९३०मध्ये नोंदवलं. गरोदर बाईच्या लघवीतलं संप्रेरकही हेच काम करतं, हे पुढच्या तीन-चार वर्षांत सिद्ध झालं. ते पहिल्यांदा कोणी केलं यावर पुष्कळ शाई खर्च झाली. केपटाउनच्या दोघांनी १९३३च्या ऑक्टोबरमध्ये ते जाहीर केलं होतं. त्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या लंडनमधल्या प्रयोगशाळेचा लेख १९३४च्या मार्चमध्ये छापून आला आणि केपटाउनकरांचा मे महिन्यात. चाचणीला नाव मात्र त्या ब्रिटिश प्राध्यापकाचंच चिकटलं. तारखा पाहता केपटाउनकरांची तक्रार रास्त वाटते.

चाचणी लोकप्रिय होण्याचं कारण साधं होतं. आधीच्या चाचण्यांत उंदीर किंवा सशाची मादी मारून तिचं बीजांडकोश पाहावं लागे. इथे संध्याकाळी पाठीच्या कातडीखाली इंजेक्शन द्यायचं आणि सकाळी बरणीच्या तळाशी काळपट मण्यांसारखी अंडी पडलीत का ते पाहायचं. काही आठवड्यांनी तीच मादी पुन्हा वापरता येई. केप प्रांतातून असे हजारो बेडूक जगभर रवाना झाले. १९६०च्या दशकात प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) आधारलेल्या चाचण्या आल्या आणि रुग्णालयांतलं बेडकाचं काम संपलं.

तोवर भ्रूणशास्त्रज्ञांनी त्याला हेरलं होतं. त्यांचे जुने प्राणी म्हणजे सॅलॅमँडर, न्यूट आणि आपापल्या भागातले बेडूक. यांची अंडी फक्त विणीच्या हंगामात मिळत. हंगाम हुकला की वर्षभर थांबा. झेनोपसची मादी इंजेक्शन दिलं की बारा महिने केव्हाही अंडी देते, तीही शेकड्यांनी. अंड्याचा वरचा अर्धा भाग गडद तपकिरी आणि खालचा फिकट. फलन झालं की अंडं आपल्या वेष्टनात मोकळं होतं आणि गडद बाजू वर करून वळतं. बशीतली सगळी अंडी एका रंगाची दिसू लागली की काम जमलं. दीडेक तासाने पहिली चीर पडते, म्हणजे अंडं दोन पेशींत विभागतं, मग साधारण अर्ध्या तासाला एक. १९५६मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या वाढीच्या ६६ अवस्थांचा तक्ता प्रसिद्ध केला. आजही लोक 'स्टेज १०' म्हणतात, तेव्हा आकडा त्याच तक्त्यातला असतो.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची कमाई थोडक्यात अशी. फिलाडेल्फियात १९५२मध्ये अमेरिकी लेपर्ड फ्रॉगवर केंद्रक-रोपण (पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक काढलेल्या अंड्यात घालणं) झालं होतं, पण भ्रूण जसजसा मोठा होई तसतशी त्याची केंद्रकं निकामी ठरत. ऑक्सफर्डमध्ये लेव्हिसवर तोच प्रयोग केला तर १९५८पर्यंत पूर्ण वाढलेले, प्रजननक्षम बेडूक मिळाले, आणि १९६२मध्ये डिंभकाच्या (टॅडपोलच्या) आतड्यातल्या पेशींपासूनही यश आल्याचं छापून आलं. २०१२च्या नोबेलचा अर्धा वाटा याच कामाला मिळाला. १९७१मध्ये सशाच्या हिमोग्लोबिनचा आरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) बेडकाच्या अंडपेशीत टोचला आणि तिने मुकाट्याने सशाचं प्रथिन बनवून दिलं. १९७४मध्ये जिवाणूत घातलेलं पहिलं प्राणिज जनुक लेव्हिसचंच होतं. १९९२मध्ये एका अनोळखी प्रथिनाचा आरएनए अंडपेशीत टोचून ती कमी क्षारांच्या पाण्यात सोडली. ती फुगत गेली आणि फुटली. पेशीत पाणी शिरण्याच्या वाटा अशा सापडल्या.

यांपैकी एकाही प्रयोगाला बेडकांच्या पिढ्यानपिढ्या पैदास करण्याची गरज नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंडं मोठं, मुबलक आणि टोचलेलं निमूट सहन करणारं असलं की झालं. माशी, कृमी आणि उंदीर यांना मॉडेल केलं ते आनुवंशिकीने. झेनोपसला केलं ते सोयीने.

सोयीचा हिशेब चुकता करायची वेळ १९९०च्या दशकात आली. १९९६मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या हजारो उत्परिवर्तनांचे निष्कर्ष एकगठ्ठा प्रसिद्ध झाले आणि बेडूकवाल्यांच्या गोटात चुळबुळ सुरू झाली. लेव्हिसची एक पिढी तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचा जनुकसंच (जीनोम) दुहेरी. गुणसूत्रं ३६, आणि बऱ्याचशा जनुकांच्या दोन-दोन जोड्या. एक जोडी बिघडवली तरी दुसरी काम सांभाळून घेते, म्हणून उत्परिवर्तन दिसतच नाही. या अवस्थेला 'स्यूडोटेट्राप्लॉइड' म्हणण्याची पद्धत होती, म्हणजे खोटा चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला). शब्द फसवा आहे. लेव्हिसचं चतुर्गुणित असणं खोटं नव्हतं. फक्त त्याची गुणसूत्रं पेशीविभाजनात द्विगुणित (दोनच संच असलेल्या) प्राण्यासारखी दोन-दोनच्या जोड्या लावत. या 'स्यूडो'मुळे अनेकांच्या मनात हा प्राणी उगाच बनावट ठरला.

उत्तर म्हणून ट्रॉपिकॅलिस पुढे आला. झेनोपस वंशातली द्विगुणित म्हणावी अशी ही एकमेव प्रजाती : २० गुणसूत्रं, डीएनएच्या सुमारे १७० कोटी अक्षरांचा जनुकसंच, आणि पिढी चार-सहा महिन्यांची. (दुसऱ्या टोकाला कॅमेरूनच्या एका तळ्यातला १०८ गुणसूत्रांचा भाऊबंद आहे, त्याला मॉडेल करा असं अजून कोणी म्हटलेलं नाही.) अमेरिकेतल्या सरकारी निधीने ट्रॉपिकॅलिसचा जनुकसंच वाचून काढायला प्राधान्य दिलं आणि तो २०१०मध्ये प्रसिद्ध झाला.

निर्णय कागदावर निर्दोष होता. प्रयोगाच्या टेबलावर तसा नव्हता. ट्रॉपिकॅलिसचं अंडं पाऊण मिलिमीटरचं, लेव्हिसचं सव्वा मिलिमीटरचं. ऐकायला फरक किरकोळ, पण घनफळात चौपटीहून जास्त. भ्रूणाचा तुकडा कापून दुसरीकडे लावणाऱ्याला किंवा अंड्यांचा रस काढून परीक्षानळीत पेशीविभाजनाचं चक्र चालवणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. शिवाय चाळीस वर्षांत जमलेल्या पद्धती, प्रतिपिंडं आणि सवयी सगळ्या लेव्हिसच्या. त्यामुळे झालं असं की प्रयोग लेव्हिसवर आणि नकाशा ट्रॉपिकॅलिसचा. लेव्हिसचं एखादं जनुक बंद करायचं, तर शेजाऱ्याच्या नकाशावरून अंदाज बांधायचा, आणि दोन प्रतींपैकी एक सुटली की निकाल पुसट यायचा. सहा वर्षं हे असं चाललं. आधी ट्रॉपिकॅलिस घेणं चूक होतं असं म्हणता येत नाही. दुहेरी जनुकसंच जुळवण्याची तंत्रं तेव्हा तोकडी होती. पण त्या काळात लेव्हिसचा उल्लेख 'जुना प्राणी' असा होऊ लागला, तो नक्कीच अवेळी होता.

त्यातच नावाचा गुंता. ट्रॉपिकॅलिसचं १८६४मध्ये वर्णन झालं तेव्हा त्याला 'सिल्युराना' हा वेगळा वंश मिळाला होता. पुढे तो झेनोपसमध्ये आला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर्गीकरणतज्ज्ञांनी त्याला पुन्हा बाहेर काढलं, मग दुसऱ्यांनी परत आत घेतलं. सिल्युराना कायम झालं असतं तर 'झेनोपसचा पहिला जनुकसंच' तांत्रिकदृष्ट्या झेनोपसचा ठरलाच नसता. २०१५च्या मोठ्या फेरआढाव्यात सिल्युरानाला उपवंशाचा दर्जा देऊन त्याला झेनोपसच्या छपराखालीच ठेवलं.

लेव्हिसचा जनुकसंच २०१६मध्ये आला आणि दुहेरीपणाचा उलगडा झाला. सुमारे १.७ ते १.८ कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या, आता नामशेष झालेल्या बेडूक प्रजातींचा संकर होऊन हा प्राणी बनला. दोन्ही पूर्वजांचे संच आजही गुणसूत्रांवर वेगळे ओळखता येतात : लांब गुणसूत्रांचा 'एल' आणि आखूड गुणसूत्रांचा 'एस'. एल बराचसा शाबूत आहे. एसमधली जनुकं जास्त गळाली. तरीही निम्म्याहून अधिक जनुकं दोन्हीकडे टिकून आहेत. तेव्हापासून लेव्हिसच्या जनुकांच्या नावापुढे एल किंवा एस लिहितात. ज्या दुहेरीपणामुळे निधीच्या शर्यतीत तो मागे पडला, तोच आता त्याच्यावर संशोधन करण्याचं कारण झाला. क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्रामुळे दोन्ही प्रती एकदम कापता येतात, त्यामुळे जुनी तक्रारही बरीच बोथट झाली.

बेडकांच्या व्यापाराची बाजू मात्र अजून मिटलेली नाही. उभयचरांचा घास घेणारी कायट्रिड बुरशी या निर्यातीतूनच जगभर गेली असा तर्क २००४मध्ये मांडला गेला. आधार होता १९३८च्या एका दक्षिण आफ्रिकी नमुन्याचा. २०१८च्या जनुकीय अभ्यासाने बुरशीचं मूळ पूर्व आशियाकडे नेलं, त्यामुळे उगमाचा आरोप सौम्य झाला, तरी लेव्हिस स्वतः फारसा आजारी न पडता ती वाहतो हे कायम आहे. सुटलेल्या आणि सोडलेल्या लेव्हिसनी चिली, कॅलिफोर्निया आणि पश्चिम फ्रान्समध्ये वस्त्या केल्या आहेत. युरोपीय संघाने २०२२मध्ये त्याला आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत घातलं, म्हणून तिथल्या प्रयोगशाळांना तो पाळण्यासाठी वेगळा परवाना लागतो. ट्रॉपिकॅलिस त्या यादीत नाही.