अठराव्या वर्षाचा हक्क आणि यादीतलं नाव

अमेरिकेत मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९७१ साली. मागणी मात्र दुसऱ्या महायुद्धापासूनची: लढायला जो मोठा, तो मत द्यायलाही मोठा. जॉर्जियाने १९४३ मध्ये ती मान्य केली, केंटकीने १९५५ मध्ये. बहुतेक राज्यं २१ वरच अडून बसली. पुढे व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची भरती वाढली आणि मागणीला धार आली.

१९७० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना त्यातच वय १८ करून टाकलं. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे फक्त केंद्रीय निवडणुकांना लागू. म्हणजे राज्यांच्या गळ्यात दोन-दोन मतदारयाद्या पडणार! २६वी घटनादुरुस्ती एवढ्या झपाट्याने झाली ती तत्त्वाइतकीच या धास्तीने, असं मला वाटतं. मार्च १९७१ मध्ये काँग्रेसने ती संमत केली आणि १ जुलैला आवश्यक ३८ राज्यांची मंजुरी मिळाली.

हक्क मिळाला, पण यादीत नाव घालणं ज्याचं त्याच्यावरच राहिलं. नोंदणीची अटच नसलेलं राज्य एकच, नॉर्थ डकोटा. बाकी ठिकाणी मुलं नेमकी अडतात ती इथे. अठरावं वर्ष बहुधा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे बारावीत, लागतं. लगेच कॉलेजसाठी घर सुटतं, पत्ता बदलतो, आणि काही राज्यांत नोंदणीची मुदत मतदानाच्या महिनाभर आधीच संपते. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने वाहन परवान्याच्या कचेरीत नोंदणीची सोय केली. गाडी न शिकलेली मुलं त्यातून निसटली. सगळी एकत्र सापडतात ती शाळेतच. म्हणून टेक्सासात हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने वर्षातून किमान दोनदा पात्र विद्यार्थ्यांना अर्ज द्यावेत, असा कायदाच आहे.

दुसरी वाट पूर्वनोंदणीची: सोळा-सतराव्या वर्षी अर्ज भरायचा, अठरा पूर्ण होताच नाव यादीत. हवाईने ती १९९३ मध्ये धरली. नॉर्थ कॅरोलिनात २०१० पासून सुरू झालेली ही सोय २०१३ मध्ये विधिमंडळाने काढून घेतली. चांगलं चाललेलं काम असं मोडावं, याची आजही चीड येते. ज्या कायद्याने ती गेली, त्याच्या अनेक तरतुदी कृष्णवर्णीय मतदारांना रोखण्याच्या हेतूने केल्याचं अपील न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ठरवलं. त्या रद्द झाल्या, आणि तिथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पुन्हा अर्ज भरता येऊ लागले.