एकक दर (घरगुती खरेदीतील)

वेगवेगळ्या मापांत मिळणाऱ्या वस्तूंची किंमत एका किलोला, लिटरला किंवा नगाला किती पडते हे काढून मग त्यांची तुलना करण्याची पद्धत. बोलण्यात याला ‘किलोचा भाव काढणे’ म्हणतात. गुणाकार, भागाकार आणि थोडी टक्केवारी एवढ्यावर काम भागते. आकडेमोड क्वचितच चुकते. बहुतेक वेळा चुकते ते कशाने भागायचे हे ठरवणे.

मंडईत भाव पुष्कळदा पावकिलोचा सांगतात. ‘वीस रुपये पाव’ भेंडी कानाला स्वस्त वाटते, पण ती ८० रुपये किलो पडते. शेजारच्या गाळ्यावर ७० रुपये किलोची पाटी असेल तर तीच स्वस्त. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी (साडेतीनचा पाढा) आता कोणाला लागत नाही, बाकीचे मात्र रोज लागतात. ४८ रुपये किलोचे टोमॅटो सव्वा किलो घेतले तर ४८ मध्ये त्याचा पाव, म्हणजे १२, मिळवून ६० रुपये. पाऊण किलोला तेच १२ वजा करून ३६.

पुड्यावरून किलोचा भाव काढतानाही हेच उपयोगी पडते. २०० ग्रॅमची किंमत पाचपट, २५० ची चौपट, ४०० ची अडीचपट, ८०० ची सव्वापट करायची. ७५० ग्रॅमच्या किमतीत तिचा तिसरा भाग मिळवायचा, ९०० ग्रॅमच्या किमतीत नववा. ८५० ला सहावा भाग मिळवला की अंदाज येतो, खरे उत्तर त्याहून किंचित जास्त असते.

मोठा पुडा स्वस्त पडतो हे नेहमी खरे नसते. तूरडाळीचा अर्ध्या किलोचा पुडा ८४ रुपयांना आणि किलोचा १७२ ला असेल, तर दोन छोटे घेतल्यास चार रुपये वाचतात. (या नोंदीतील भाव केवळ उदाहरणादाखल आहेत.)

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत २०२१ साली दुरुस्ती होऊन पाकिटावर एकक विक्री किंमत छापणे आले. त्याच दुरुस्तीने चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक मापांतच भरण्याचे बंधन उठले, त्यामुळे ८५० किंवा ९१० ग्रॅमसारखी मापे सर्रास दिसू लागली. छापलेला एकक दर उपयोगाचा आहे, पण जपून वाचावा लागतो. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर तो ग्रॅमचा असतो, जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा. शिवाय तो दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. ‘०.१९ रुपये प्रति ग्रॅम’ याचा अर्थ किलोला १८५ पासून जवळजवळ १९५ पर्यंत काहीही होऊ शकतो. दोन पाकिटांवर ०.१९ च असले तरी त्यांच्यात किलोमागे नऊ रुपयांचा फरक असू शकतो, तेव्हा भागाकार स्वतः करणे बरे. हा छापील दर एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानदार एमआरपीपेक्षा कमी घेत असेल, तर हिशेब हातात पडणाऱ्या किमतीवर करावा.

तेलात घोटाळा होतो तो लिटर आणि किलोचा. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. गरम तेलाचे माप धरले की तेवढ्याच ‘लिटर’मध्ये तेल कमी बसते. म्हणूनच २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न लिहिता लिटरसोबत वजनही छापण्यास सांगितले. तुलना वजनावर करावी. एक लिटर (९१० ग्रॅम) १५० रुपयांना म्हणजे किलोला सुमारे १६५. ८५० ग्रॅमची पिशवी १३८ ला म्हणजे १३८ आणि २३ मिळून १६१, नेमके काढल्यास १६२.३५. दिसायला लहान असलेली पिशवीच इथे स्वस्त.

किंमत तीच ठेवून वजन घटवले तर भाववाढ घटीपेक्षा मोठी असते. दहा रुपयांचा पुडा ७० वरून ६० ग्रॅमवर आला तर वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटले, भाव मात्र जवळपास १७ टक्क्यांनी वाढला. ‘२५ टक्के जादा’ म्हणजे २० टक्के सूट; ‘दोनावर एक फुकट’ म्हणजे ३३ टक्के. ‘५० टक्के आणि वर २० टक्के’ याची बेरीज ७० होत नाही: शंभराचे आधी ५०, मग पन्नासातून १० कमी, म्हणजे ४० द्यायचे, सूट ६०.

भागायचे ते घरात वापरल्या जाणाऱ्या वजनाने. किलोभर शेंगांतून ४०० ग्रॅम दाणे निघाले तर ६० रुपये किलोचा मटार १५० रुपयांना पडला. सोललेला १६० ला मिळत असेल तर सोलायची मजुरी किलोमागे दहा रुपये, घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. साठवणीच्या गव्हाचेही तसेच. क्विंटलभर गहू ३० रुपयांनी घेतला, हमाली आणि टेम्पोला १५० गेले, निवडण आणि किडीत ५ किलो गेले: ३१५० भागिले ९५, म्हणजे ३३.१६ रुपये. किरकोळीत ३६ असेल तर फायदा आहे. किडीत पंधरा किलो गेले तर तो ३७ वर जातो आणि फायदा उरत नाही.

कशाने भागायचे हा प्रश्न महिन्याच्या अंदाजपत्रकातही येतो. त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी बाजूला काढतात. जूनची फी १८,०००, दिवाळी १२,०००, विमा ९,०००, गणपती ३,००० मिळून ४२,००० होतात, म्हणजे दरमहा ३,५०० वेगळे ठेवायचे. वाणसामान आणि भाजीचे ९,००० आठवड्यांत वाटताना सरसकट चारने भागतात, तिथे पाय घसरतो. आठवड्याला २,२५० धरले की ५२ आठवड्यांचे १,१७,००० होतात, तर बारा महिन्यांचे १,०८,०००. वर्षाअखेर बरोबर एका महिन्याचा खर्च जादा. खरा आकडा वार्षिक रक्कम ५२ ने भागून येतो, सुमारे २,०७७. मोबाइलच्या २८ दिवसांच्या रिचार्जमध्ये हाच फरक उलट्या बाजूने बसतो: वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज लागतात, आणि २९९ रुपयांचा प्लॅन महिन्याला जवळपास ३२४ ला पडतो.